जारच्या पाण्यात विष उतरेना

देवळाच्या मंडपात सकाळी नवालाच मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. एकवीस दिवसांच्या शिबिरासाठी साताऱ्याहून आलेल्या ऋषिराज सरांनी प्लॅस्टिकचे सहा टब मांडले होते. त्यात सहा माणसं पाय सोडून बसली होती आणि उरलेली वाडी त्यांच्या पोटऱ्यांकडे टक लावून बघत होती. टबात कोमट पाणी, पाण्यात वेटोळ्या तारेची एक डबी, डबीची वायर काळ्या खोक्यात आणि खोक्यावर हिरवा दिवा. बटण दाबलं की पाच मिनिटांत पाणी पिवळट व्हायचं, दहा मिनिटांत विटकरी आणि वीस मिनिटांत थेट गटारीचं. वर फेस, तळाला काळे कण.

"बघा, डोळ्यांनी बघा!" सर छडी घेऊन भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभे होते. "विटकरी रंग म्हणजे लिव्हर. हिरवट म्हणजे पित्ताशय. फेस म्हणजे आतडी. आणि हे काळे कण दिसतात ना, ती तुमची फवारणी! वर्षानुवर्षं मुरलेली. तळव्यांच्या छिद्रांतून यंत्र ती ओढून काढतं. एक्स-रेमध्ये दिसत नाही, रक्ततपासणीत सापडत नाही, पण टबात सापडते!"

आटपाडीच्या पलीकडची ही वाडी. डाळिंबाला आठवड्यातून दोनदा औषध मारणाऱ्या माणसांना अंगात विष आहे हे पटवून द्यावं लागत नव्हतं. धास्ती आधीचीच होती. सरांनी तिला फक्त रंग दिला.

यंत्रानंतर थेंब. छोट्या बाटलीत पाण्यासारखं पाणी. "ही होमिओपॅथीची ताकद. एक थेंब औषध शंभर थेंबांत, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. औषध जितकं विरळ, तितका जोर जास्त."

"मग सर," मोटारी वाइंडिंग करणारे नाथाजी मागून म्हणाले, "अजाबात न घेतलं तर लयच जोरात लागंल की."

मंडप हसला. सरही हसले. "काकांच्या लिव्हरमध्ये राग साठलाय. त्यांना दोन टब लागतील." मंडप आणखी हसला आणि नाथाजींचा प्रश्न त्या हशात वाहून गेला.

शेवटी आहार. एकवीस दिवस भाकरी बंद. सकाळी मध-लिंबू, दुपारी डाळिंबाचा रस, संध्याकाळी खजूर घालून गाजराचा रस. आणि दवाखान्याची गोळी-सुई बंद. "एका हातानं विष काढायचं आणि दुसऱ्या हातानं घालायचं, हे कुठलं शहाणपण?"

खांबाला टेकून माया हे सगळं ऐकत होती. ती वाडीची आशाताई. बाळंतिणी, लसी, बीपी-शुगरच्या माणसांच्या गोळ्या, हे सगळं तिच्या वहीत. सुई बंद हे शब्द कानावर पडल्यावर तिनं तिथल्या तिथं तोंड उघडायला हवं होतं. तिनं उघडलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा जयराज रक्ताच्या कॅन्सरनं गेला, तेव्हापासून तिचं असंच झालं होतं. काम चुकत नव्हतं, पण आतून काही उठत नव्हतं. कुणी मेलं तरी नाही आणि कुणाला मुलगा झाला तरी नाही.

चौथ्या टबात तिचे सासरे बसले होते, तात्याबा. माया त्यांना आबा म्हणायची. बापजाद्यांची मेंढरं होती, ती मोडून त्यांनी दोन एकर डाळिंब लावलं. बारा वर्षं शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आणि गेल्या दोन वर्षांपासून तळव्यांना काही कळतच नव्हतं. पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि म्हातारबा चार पावलं पुढं गेलेले असायचे.

त्यांच्या टबातलं पाणी काळपट झालं तसे ते वाकून बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलले.

"ह्येच," ते म्हणाले. "ह्येच इख. ह्येनंच माझ्या जयराजला न्हेलं."

आणि मुलाच्या मयतीलाही न रडलेला तो म्हातारा भर मंडपात पोराचं नाव घेऊन रडला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोनवाल्याला व्हिडिओ चालू ठेवायची खूण केली.

जयराजला कशानं नेलं ते सांगलीच्या डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. फवारणीनं म्हणावं तर तसं, नाही म्हणावं तर तसं, एका माणसापुरतं छातीठोक सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. असल्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही. टबातल्या पाण्यानं झालं.

म्हणून माया गप्प राहिली. फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली होती. पहिल्या दिवशी होती तेवढीच ती चौथ्या दिवशीही भरलेली होती. मायानं बघितलं आणि दार लावलं. आबा रडून मोकळे झालेत, त्यांना झोप लागतेय, आता आपण कशाला मध्ये पडायचं? आठवडाभरानं बघू. असा विचार तिनं केला, आणि खरं सांगायचं तर विचारही फारसा केला नाही. राग यायला हवा होता, तो आला नाही. भीतीही वाटली नाही.

सातव्या दिवशी तात्याबांना उठवेना. सारखी तहान, सारखी लघवी, अंगात त्राण नाही. सरांनी निरोप धाडला की विष सुटताना असंच होतं, काळजी करू नका, यंत्र घेऊन घरी येतो.

सर घरी येणार म्हटल्यावर सासूबाई साळूबाईंची धांदल उडाली. अंगणात सडा, खुर्चीवर चादर, चहाला आलं. आणि पाणी? या वाडीच्या बोअरचं पाणी इतकं खारं की घागरीच्या तळाला पांढरा थर बसतो. सोयऱ्याला ते पाणी देणं म्हणजे त्याचा अपमान. वाडीत फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जार येतो. तो पाहुण्यापुरता, नातवंडांपुरता आणि देवापुरता जपून वापरायचा.

"माया, टबात जारचंच पाणी घाल गं," साळूबाई म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस आपल्या दारात आलाय. त्येच्या मिशनीला खारं पाणी बरं दिसंल व्हय?"

मायानं जारचं पाणी तापवलं आणि टबात ओतलं. तात्याबांचे पाय आत ठेवले. सरांनी बटण दाबलं.

पाच मिनिटं झाली. पाणी जसंच्या तसं. दहा झाली. टबाचा तळ स्वच्छ दिसत होता. सरांनी वायर हलवली, खोक्यावर थाप मारली.

"माझ्यात इख न्हाई म्हणायचं का सर?" तात्याबांनी विचारलं. आवाजात आनंद नव्हता. पोराची शेवटची खूण कुणी काढून घ्यावी तसा तो आवाज होता.

"आहे, आहे. भरपूर आहे. शरीर अडवून धरतंय. छिद्रं उघडली पाहिजेत. ताई, आणखी गरम पाणी आणा."

मायानं आणलं. वाफ येत होती.

"सोसतंय का?" सरांनी विचारलं.

"सोसतंय की. कायबी लागत न्हाई."

मायानं ओतलं. शुगरच्या माणसाचा पाय गरम पाण्यात घालायच्या आधी पाण्यात दुसऱ्या कुणाचा तरी कोपर बुडवून बघायचा, हे तिनं स्वतः चाळीस घरांत सांगितलेलं होतं. तिच्या वहीच्या मागच्या पानावर ते छापलेलं होतं. पण ती टबातल्या पाण्याकडे बघत होती, रंग कधी येतो म्हणून. पायांकडे तिनं बघितलं नाही.

रंग आलाच नाही. सरांनी घड्याळ बघितलं. "पाण्यातच दोष आहे. हे मेलेलं पाणी. मंडपात वापरतो ते जिवंत पाणी आणा."

मंडपात बोअरचं पाणी असायचं. मायानं टब ओतून दिला, बोअरचं पाणी कोमट करून भरलं, तेच पाय त्यात ठेवले. तीन मिनिटांत पिवळट, सात मिनिटांत विटकरी. सरांचा चेहरा फुलला. तात्याबांनी डोळे मिटून हात जोडले.

माया रिकामा जार हातात घेऊन तशीच उभी राहिली. माणूस तोच, पाय तेच, विष असलंच तर तेच. बदललं होतं फक्त पाणी. मग विष माणसातून येत होतं की पाण्यातून? हा काही मोठ्या शाळेत शिकायचा हिशेब नव्हता. तो करायला तिला सात दिवस लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तात्याबांच्या पायावरची चादर बाजूला केली. डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड आणि त्याच पायाच्या दोन बोटांची कातडी सोलून निघालेली. म्हातारबा शांत झोपले होते. त्यांना काहीही कळलं नव्हतं. मायानं बोटांवर स्वच्छ कापड टाकलं, मशिननं शुगर तपासली, आकडा वाचला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी यायला पाऊण तास होता. साळूबाईंना तिनं त्यांच्याजवळ बसवलं आणि ती मंडपाकडे निघाली. वाटेत नाथाजींचं दुकान लागलं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "काका, चला माझ्याबरोबर."

मंडप रोजच्यासारखाच गच्च होता. मायानं एक टब उचलला, सगळ्यांसमोर घासून धुतला, नळाचं बोअरचं पाणी भरलं आणि मधोमध ठेवला.

"सर, ह्येच्यात मिशन लावा."

"कोण बसतंय ताई?"

"कोण न्हाई. मोकळंच लावा."

सर हसले. "अहो, माणसाशिवाय यंत्र काम कसं करेल? शरीरातून प्रवाह जावा लागतो."

"दोन्ही तारा एकाच डबीत हायती," नाथाजी पुढं येत म्हणाले. "करंट ह्या तारंवरनं त्या तारंवर पाण्यातनंच जातोय. त्येला मानसाची काय गरज? आनि मानूस लागतोच म्हणताय, तर मग लावाय भ्याचं काय कारन?"

मंडपातून कुणीतरी म्हणालं, "लावा की सर." मग आणखी चौघं म्हणाली. शेवटी नाथाजींनीच डबी पाण्यात सोडली आणि बटण दाबलं.

टबात कुणाचेही पाय नव्हते. पाणी पिवळं झालं. मग विटकरी झालं. वर फेस धरला, तळाला काळे कण बसले. मागची माणसं टाचा उंचावून बघत होती.

"कुणाचं लिव्हर म्हणायचं ह्ये?" नाथाजींनी तक्त्याकडे बोट दाखवलं. "का टबानंच फवारणी केलीय?"

कुणी हसलं नाही. नाथाजींनी डबी बाहेर काढून फडक्यानं पुसली. तार जागोजागी खाल्लेली होती. "ही लोखंडाची तार. खाऱ्या पाण्यात करंट सोडला की लोखंड झिजतंय आनि त्येचा गंज पाण्यात उतरतोय. माज्या दुकानात ह्ये रोजचं हाय. पाणी जितकं खारं, तितका गंज जोरात. फिल्टरच्या पाण्यात मीठच न्हाई, करंट जाईना, म्हणून रंग येईना. काळे कण बी लोखंडाचेच."

"हे कालच्या टबातलं राहिलेलं विष आहे," सर म्हणाले. "आणि लोकांना फरक पडलाय त्याचं काय? विचारा त्यांना!"

"व्हय, मला हलकं वाटलंय," एक म्हातारी पुटपुटली.

"वाटंल की मावशी," माया म्हणाली. "कोमट पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसलं की कुणालाबी हलकं वाटतंय. त्येला मिशन कशाला पायजे? आनि अंगातली घाण काढायला लिव्हर हाय, मूत्रपिंड हाय. ती रातंदिस तेच काम करत्यात. ती बंद पडली तर दवाखाना लागतोय. टबानं आनि थेंबानं ती चालत न्हाईत." ती एका सुरात बोलत होती, लसीच्या तारखा सांगाव्यात तशी.

सरांनी तक्ता गुंडाळायला घेतला. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. माणसं टबाकडे बघत उभी होती.

सांगलीत तात्याबांची दोन बोटं काढावी लागली. शुगर इतकी चढली होती की आणखी एक दिवस गेला असता तर बोटांवर भागलं नसतं, जीवच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तात्याबांनी पहिला प्रश्न मायालाच विचारला.

"माया, मग ते इख माझ्यातलं नव्हतं?"

"न्हाई आबा. तारंचा गंज व्हता."

"मग जयराजला कशानं न्हेलं गं?"

"म्हाईत न्हाई आबा," ती म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "कुणालाच म्हाईत न्हाई. पर फवारताना तोंडाला फडकं बांधत न्हाईत, हातमोजं घालत न्हाईत, ते तरी आपल्या हातात हाय."

म्हातारबांनी मान भिंतीकडे वळवली.

पुढच्या मंगळवारी माया पुन्हा वही घेऊन घरोघर निघाली. सरांच्या सांगण्यावरून सुई-गोळी बंद केलेली अकरा माणसं तिच्या यादीत होती. ती प्रत्येकाच्या ओट्यावर बसली, शुगर तपासली, बीपी घेतलं, पाय मांडीवर घेऊन तळवे बघितले. आणि प्रत्येक घरात तिनं एकच गोष्ट सांगितली.

"मिशन त्येची व्हती. पर गरम पाणी मी वतलं. मला कळत व्हतं. मी नुसतं इचारलं असतं, तर आबांची बोटं ऱ्हायली असती. मी इचारलं न्हाई. तुमी इचारा. कुणीबी काय दाखवलं तर एकदा मानूस बाजूला ठिवून तेच करून दाखवा म्हणा. आनि मलाबी इचारा, डॉक्टरलाबी इचारा. पर इचारल्याबिगर सुई बंद करू नका."