न नेलेलं पोतं

शहरातली माणसं आमच्या बेटावर जमीन घेतात, तारेचं कुंपण घालतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मला त्यांचा राग येतो. कुंपण झालं की माझ्या बैलांना पाण्यावर जायला वळसा पडतो, आणि आत राहायला तर कोणी येतच नाही.

ओतिलियाबाईनं कुंपण घातलं नव्हतं, एवढं खरं. ती पलीकडे प्वेर्तो माँत शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला होती. टेकडीवर रानाला लागून तिनं जमिनीचा तुकडा घेतला, त्याला बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात घडीचं स्टूल घेऊन यायची, झाडांत बसून राहायची आणि रजा संपली की परत जायची. "आली स्टुलावरची जमीनदारीण," आम्ही म्हणायचो. यंदा राहायला येणार का, असं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या वर्षी, एलिओदोरोभाऊ." आधी आईचं आजारपण होतं, मग मुलीचं शिक्षण निघालं.

बटाटे काढायला मात्र ती आमच्या शेतात न चुकता यायची. चिखलात गुडघे टेकून संध्याकाळपर्यंत राबायची. शहरी बाईची हौस, दुसरं काय! जाताना माझी बायको रोसाल्बा तिला पोतंभर बटाटे द्यायची. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायची आमच्यात रीत नाही.

मग एका उन्हाळ्यात ती काम सोडून कायमची आली आणि किनाऱ्यावरचं एक जुनं लाकडी घर तिनं घेतलं. घर तिचं, पण खालची जागा दुसऱ्याची. त्याला हिवाळ्याआधी ती मोकळी हवी होती. तोवर घर टेकडीवर तिच्या तुकड्यावर हललं नाही तर तो ते फोडून सरपण करणार होता.

घर हलवायचं म्हणजे खाली ओंडके सारायचे, पुढं बैलजोड्या जुंपायच्या आणि सगळ्या गावानं जोर लावायचा. याला आम्ही मिंगा म्हणतो. त्याला मजुरी नसते. मालकानं दारोदार जाऊन विनवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि आलेल्यांची सावड, म्हणजे कामाच्या दिवसाला कामाचा दिवस, पुढं फेडायची.

ओतिलियाबाई कोणाच्याच दारी गेली नाही. उन्हाळा सरत आला.

"एवढा कसला ताठा?" मी रोसाल्बाला म्हटलं. "बैल काय आपणहून जाणारेत?"

"तुझ्यासारखे बैल नाहीच जाणार," ती म्हणाली.

बटाटे काढायचा दिवस आला. ओतिलियाबाई आली, दिवसभर राबली. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात रोसाल्बानं पोतं आणून तिच्यापुढं ठेवलं.

"यंदा नको," ती म्हणाली.

"का गं? गेल्या वर्षीचे किडके निघाले का?"

"नाही, चांगले होते. पण नको."

माझं डोकंच फिरलं. "बाई, दिलेलं अन्न नाकारायची पद्धत शहरात असेल. इथं नाही. उचला पोतं."

ती जागची हलली नाही. हाताची माती चोळत राहिली. "पोतं नेलं की दिवस फिटला, एलिओदोरोभाऊ. दर वर्षी तुम्ही माझा दिवस फेडूनच मला पाठवलंत. नको म्हणायचं मनात यायचं, पण तुम्ही रागवाल म्हणून धीर व्हायचा नाही. आता घर वर न्यायचंय. कोणत्या तोंडानं कोणाला विनवू? या गावात कोणावरच माझी सावड नाही. हा एक दिवस तरी तुमच्यावर राहू द्या."

इतकी वर्षं ती आमच्या चिखलात कशासाठी राबत होती, ते आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं. रोसाल्बानं गुपचूप पोतं उचलून आत नेलं.

"मग विनवा की," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. पण असं नाही. बाहेर जा आणि दार वाजवा. रीत म्हणजे रीत."

ती बाहेर गेली. दार वाजलं. मी उघडलं, तर बाई रडत होती.

"तुमच्या बैलांसाठी विनवायला आलेय," ती म्हणाली.

"बघू, बैलांना विचारतो," मी म्हटलं, आणि ती रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दारोदार फिरलो. ज्यांच्यावर माझी सावड होती त्यांना म्हटलं, ती या बाईकडे फेडा. कुरकुरले, पण आले. घर टेकडी चढताना एकदा दोर तुटला आणि घर मागं सरकायला लागलं, तेव्हा तिनं डोळेच मिटून घेतले. पोरंटोरं, म्हातारे, सगळेच मागून भिडले. अंधार पडायच्या आत घर रानाच्या कडेला टेकलं. मग तिनं खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेले शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे सगळ्यांना वाढले. बटाटे बाजारातले होते. आमच्याइतके चांगले नव्हते, पण मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी ती टेकडी उतरून बटाटे काढायला आली. संध्याकाळी रोसाल्बानं पोतं काढलं नाही. ओतिलियाबाईनं हात धुतले, "येते," म्हणाली आणि रिकाम्या हातानं आपल्या घरी गेली.