चौथ्या ईस्टरचा कुकुरेत्स

सोतिरने बोरूची काडी सरकवली आणि मोजा उलटा करावा तसं कोकराचं आतडं उलटं केलं. अंगणातल्या नळाचं पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली होती. शेजारी त्याची सून वासिलिका मीठ आणि व्हिनेगर चोळून एकेक आतडं धूत होती.

ईस्टरचा रविवार. गल्लीत घरोघरी कुकुरेत्सचा, म्हणजे सळईवर आतड्यात गुंडाळून भाजायच्या कलेजीचा, धूर निघत होता. सोतिरच्या अंगणात मात्र तीन ईस्टर कोळसा पेटला नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा थोमा ग्रीसमध्ये बांधकामावरून पडून वारला, तेव्हापासून. दुखवट्याच्या घरात सळई फिरत नाही, आणि दुखवटा कधी संपला हे घरातल्या थोरल्याने ठरवायचं. लोक वर्षभरात उरकतात. सोतिर मात्र दर खेपेला ‘एवढं वर्ष जाऊ दे’ म्हणत राहिला. घराला दुखवटा आहे तोवर थोमाची बायको या घरची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदा तिने विचारलं नाही. सकाळीच खाटकाकडून कलेजी, फुप्फुस, आतडी घेऊन आली. तेव्हाच तो काय ते समजला.

"बाबा, सळई नीट धरा. गुंडाळायला घेते."

"धरलीय गं. तुझ्या जन्माआधीपासून धरतोय."

"म्हणूनच हात थरथरतोय वाटतं!"

कलेजीच्या तुकड्यांवर चरबीची जाळी बसली, तिच्यावर आतड्याचे वेढे पडू लागले. सोतिर म्हणाला, "सैल झालंय. सोड." तिने सोडून पुन्हा गुंडाळलं. त्याने पुन्हा सोडायला लावलं. तिसऱ्यांदा ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, सैल नाहीये."

त्याने वेढ्यांवर अंगठा दाबून बघितला.

"पांदेली ना? बसवाला?"

तिचे हात जागच्या जागी थांबले. "कोणी सांगितलं?"

"बसचा थांबा पुलापाशी, आणि हा बस उभी करतो आपल्या दारात. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही, बाबा."

हेच ऐकायला तो तीन वर्षं जिवाचा आटापिटा करत होता. ऐकलं, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

कोळसे तिने रचून ठेवले होते. काडेपेटी मात्र त्याच्या बाजूला ठेवली होती. दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. धूर भिंतीवरून पलीकडे गेला, तशी शेजारच्या कालिओपीची हाक आली. तीन वर्षं ईस्टरला या घराकडे कोणी हाक मारली नव्हती.

"सोतिर! ख्रिस्त उठला!"

ईस्टरच्या या हाकेला एकच उत्तर असतं. थोमा उठला नव्हता, उठणारही नव्हता.

"खरंच उठला!" तो ओरडून म्हणाला.

मग सुनेकडे न बघता म्हणाला, "आत जा पोरी. डोक्याचा काळा रुमाल काढून ठेव."

"बाबा…"

"आणि त्याला फोन कर. म्हणावं, गरम आहे तोवर जेवायला ये."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तिचं रडणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. सोतिरने सळई निखाऱ्यांवर ठेवली आणि एकटाच फिरवू लागला.