बुर्गीची चौथी जोडी

मी बुर्गीची चौथी जोडी बोलतेय. जोडी म्हटलं तरी बोलणारी मी एकटीच, बर्फावरून घसरायची डाव्या पायाची स्की. उजव्या पायाची माझी जुळी बहीण अबोल आहे. मी सांगते त्यावर लगेच विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात मी राहते तिथे ताकसुद्धा फुंकून पितात, आणि वाण नाही पण गुण मलाही लागलाच आहे.

माझ्या पोटात लाकूड आहे. त्याच्यावर धातूचा पातळ पत्रा, कडांना पोलादी धार. हे सगळं तापलेल्या यंत्रात दाबून मला जन्माला घातलं. बाहेर आले तेव्हा कारखान्यातल्या एका बाईने मला दोन्ही टोकांना धरून वाकवलं आणि सोडून दिलं. मी टणकन सरळ झाले. ती शेजारणीला म्हणाली, "हिच्या अंगात रग आहे गं. जिला झेपेल तिचं नशीब. नाही झेपली तर भिंतीला टेकून राहील."

भिंतीला टेकून मी राहिलेच. ऑस्ट्रियात, टिरोलच्या डोंगरातल्या एका गावात, चर्चच्या उताराखाली रोमेडचं स्कीचं दुकान आहे, तिथे. लोक यायचे, मला बोटांनी टकटक वाजवायचे, जाणत्यासारखी मान हलवायचे आणि रंग विचारून पुढे जायचे. एका गृहस्थांनी तर मला उलटी धरून पाहिलं आणि पसंत नाही म्हणून सांगितलं.

मग एक दिवस बुर्गी आली. नाव नोटबुर्गा, पण त्या नावाने तिला फक्त पाद्रीबाबा हाक मारतात. साठी उलटलेली, उन्हाने भाजलेली, चष्म्यापुरते डोळ्यांभोवती दोन पांढरे गोल. तिची उमेदीची सगळी वर्षं डोंगरावर पडलेल्यांना खाली आणण्यात गेलेली. आता निवृत्त झाली होती, म्हणजे फक्त पगार थांबला होता. वर जाणं थांबलं नव्हतं.

"घरी तीन जोड्या आहेत," ती रोमेडला म्हणाली. "अरुंद आहे ती कडक बर्फावरची. रुंद आहे ती ताज्या, खोल बर्फातली. हलकी आहे ती चढायला. पण मधल्या दिवसांचं काय? सकाळी बर्फाची काच, दुपारी चिखल, मध्ये झाडी. अशा दिवशी तिन्हीतली एकही कामाची नाही. सगळ्या डोंगराला पुरेल अशी एक दे."

रोमेड तिच्याच शाळेतला. त्याने कोपऱ्यातून एक निळी जोडी आणली. "ही बघ. मऊ आहे. चूक झाली तरी सांभाळून घेते."

बुर्गीने ती एका हाताने वाकवली. ती नुसती वाकलीच. उसळून परत येण्याची तिला घाई दिसली नाही.

"ही कुणासाठी? तुझ्या सासूसाठी?"

"सासू वारली माझी."

"म्हणूनच उरली असेल." बुर्गीने डोळे बारीक केले. "रोमेड, तू आजवर मला कधी मऊ काही विकलं नाहीस. पावसुद्धा शिळा द्यायचास शाळेत. आज एवढी माया कुठून आली?"

रोमेड उगाच काउंटर पुसायला लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते तिला कळलं, मलाही कळलं, फक्त कुठे ते कळलं नाही.

तिने मला उचललं. धारेवरून नख फिरवलं, मधोमध गुडघा टेकून दाबलं. मी होता नव्हता तो सगळा जोर लावून उसळले. ती हसली नाही. "ही जिवंत आहे," एवढंच म्हणाली. "हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल."

माझ्यावर बुटाला धरून ठेवणारा खटका बसतो. माणूस वेडावाकडा पडला की तो खटका सुटतो आणि पायाचं हाड वाचतं. तो फार घट्ट असला तर हाड मोडतं, फार सैल असला तर बूट भलत्याच वेळी निसटतो. रोमेडने तिच्या वजनाला, तिच्या चालीला जमेल असा स्क्रू फिरवून तो नेमका बसवला आणि यंत्रावर तपासून दिला. हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढे उपयोगाचं आहे म्हणून सांगते.

सुरुवातीचे आठवडे आम्ही एकमेकींवर पाळत ठेवून काढले. मी जरा उसळले की ती म्हणायची, "बघू, किती नाचतेस." ती जरा मागे रेलली की मी तिला धरून हिसका द्यायचे. पण एका सकाळी, वरच्या कड्याखालच्या मऊ बर्फात, एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना मी उसळले आणि नेमक्या त्याच क्षणी तीही. पुढचा सगळा उतार आम्ही न भांडता उतरलो. खाली पोचल्यावर बचाव पथकातला तिचा जुना जोडीदार कासियान तिला म्हणाला, "काय गं, लग्न ठरलं वाटतं तुझं?"

"साखरपुडा," बुर्गी म्हणाली. "लग्नाचं बघू पुढे."

घरी तळघरात इतर तिघींच्या शेजारी मला जागा मिळाली. वर स्वयंपाकघर. तिथे आफ्रा असायची, बुर्गीची मुलगी. गावातली बेकरी तीच चालवते. डोंगरात जन्मून ती बर्फावर पाय ठेवत नाही. आई तिला "माझी उन्हाळी पोर" म्हणते आणि ती आईला "आमचा बर्फाचा पुतळा" म्हणते. दोघी एकत्र राहतात आणि जेवताना डोंगराचा विषय काढत नाहीत.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका बाईचा पाय मोडला. बुर्गीच्याच वयाची बाई. ती पडली पण खटका सुटला नाही आणि नडगीचं हाड पिळल्यासारखं तुटलं. बेकरीत दिवसभर तोच विषय. त्याच दुपारी आफ्रा तळघरात उतरली. हाताला पीठ तसंच. कितीतरी वेळ ती माझ्याकडे, जसं एखाद्या भाडेकरूकडे बघावं तसं बघत राहिली. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्या खटक्याचा स्क्रू फिरवला. मग बहिणीचा. सैल, आणखी सैल. शेवटी एप्रनने माझ्यावर सांडलेलं पीठ पुसलं आणि निघून गेली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण स्कीला बोलता येत असतं तर डोंगरावरचे निम्मे अपघात टळले नसते का?

दुसऱ्या दिवशी कासियान आणि बुर्गी उत्तरेच्या उतारावर गेले. तिथे ऊन उशिरा पोचतं. बर्फ काचेसारखा होता. मधल्या अरुंद भागात तिने नेहमीच्या भरवशाने माझ्यावर सगळा भार टाकला, मी धार रोवली, आणि तिचा बूट माझ्यावरून अलगद निघून गेला. खट्ट असा आवाज झाला, बस्स.

बूट सुटला की माझ्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पाय खाली येतात आणि मी जागच्या जागी थांबते. मी थांबले. ती थांबली नाही. ती पाठीवर घसरत गेली, डोकं खाली, सरळ त्या काळ्या खडकांच्या दिशेने. माझी बहीणही वाटेत सुटली. बुर्गी पालथी झाली, कोपर आणि बुटांची टोकं बर्फात खुपसत राहिली, आणि खडकाच्या अलीकडे वाऱ्याने साठवलेल्या मऊ ढिगात अडकून थांबली. इतका वेळ मी तिथेच उभी राहून पाहत होते. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

कासियान पोचला. "बुर्गी! ए बुर्गी! बोल काहीतरी!"

"ओरडू नकोस. जिवंत आहे." मग टोपीतला बर्फ झटकत, "पाय घसरला माझा."

घरी आल्यावर आफ्राने कोपराचं रक्त पाहिलं. बुर्गी म्हणाली, "दारात आपटले." आफ्राने तळघराच्या दाराकडे पाहिलं.

मग बुर्गी वर जायची थांबली. हवामान खराब आहे, म्हणाली. हवामान तर लखलखीत होतं. रोज सकाळी ती तळघरात यायची, डाव्या पायावर उभी राहून गुडघा वाकवायची, परत सरळ करायची. पायाला विचारायची, "तूच ना?" मग माझ्याकडे वळायची, "की तू?" कधी वाटायचं, ती मला कायमची टाकणार. कधी वाटायचं, ती स्वतःलाच टाकणार. यातलं दुसरं मला जास्त भीतीचं वाटत होतं.

शेवटी कासियानच आला. टोपी हातात फिरवत तळघराच्या पायरीवर बसला. "एक बोलू? तू घसरली नाहीस. मी मागे होतो. तुझं वळण अगदी स्वच्छ होतं. आधी बूट निसटला, मग तू पडलीस."

बुर्गी खाली वाकली आणि तिने खटका किती घट्ट आहे ते दाखवणारी खूण पाहिली. ती खूण एखाद्या लहान पोरीसाठी असते तेवढी खाली आली होती.

तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तीन आठवडे तिच्या खांद्यावर बसलेलं म्हातारपण एका झटक्यात उतरलं आणि तिथे राग येऊन बसला. "रोमेड!" ती म्हणाली. "म्हणून मऊ स्की गळ्यात मारत होता. म्हातारी समजतो मला!"

रविवार होता. प्रार्थना संपून सगळं गाव खानावळीत बसलेलं. बुर्गी मला खांद्यावर टाकून आत शिरली आणि तिने रोमेडच्या पुढ्यात, त्याच्या सूपच्या वाटीशेजारी मला आदळलं. वाटीतला क्नोडल, पावाचा उकडलेला गोळा, टेबलावर घरंगळला.

"खटका सैल करून दिलास! मी खडकावर जाणार होते. तुझ्या हाताने!"

रोमेड हळूहळू उभा राहिला. "या गावातला प्रत्येक पाय माझ्या हाताखालून गेलाय, बुर्गी. हे मी केलं असेल तर उद्या दुकानाला कुलूप लावतो."

"लाव मग!"

"आई."

आफ्रा कोपऱ्यातल्या टेबलावरून उठली होती. "रोमेडकाकांनी नाही. मी केलं."

बुर्गी लेकीकडे बघत राहिली, जणू ही कोण बाई आहे हे तिला आठवेना. रोमेड खाली बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तू मऊ स्की घ्यावीस म्हणून ती आधी माझ्याकडेच आली होती. तेवढं मी ऐकलं. मग खटका सैल करून द्या म्हणाली, त्याला मात्र मी नाही म्हटलं होतं. तुला सांगायला हवं होतं, ते चुकलं."

म्हणजे दुकानातला बुर्गीचा संशय खोटा नव्हता. फक्त बोट भलत्याकडे दाखवलं गेलं.

घरी आल्यावर भांडण तळघरातच झालं, आम्हा चौघींसमोर.

"तुला कळतं का काही?" बुर्गी ओरडली. "खटका सैल म्हणजे पाय वाचला असता. बाकीची मी खडकावर फुटले असते!"

"नाही कळत! मला नाहीत कळत तुमच्या त्या धारा नि खटके! मला वाटलं, लगेच सुटलं तर हाड मोडणार नाही. एवढंच वाटलं."

"मग विचारायचं मला."

"विचारलं असतं तर हसली असतीस. नेहमीसारखी. उन्हाळी पोर म्हणाली असतीस." आफ्राचा आवाज फुटला. "हेलिकॉप्टर आलं ना खोऱ्यात, की मी पिठातले हात तसेच घेऊन खिडकीशी जाते. ते रुग्णालयाकडे वळेपर्यंत उभी राहते. गिऱ्हाइकं थांबलेली असतात. लहानपणापासून, आई. तुला माहीत नाही, कारण तू वर असतेस."

बुर्गी पायरीवर बसली. जन्मभर तिने वरून हात हलवून हेलिकॉप्टरं बोलावली होती, दुसऱ्यांसाठी. ती खाली कुणाच्या खिडकीवरून जातात, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"तू बोलली नाहीस कधी," ती म्हणाली.

"तू जेवताना डोंगराचं नाव काढू देतेस का?"

माफ केलं, असं बुर्गी म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "हात धू. पीठ आहे."

पुढच्या रविवारी ती खानावळीत त्याच टेबलापाशी उभी राहिली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रोमेडची माफी मागितली आणि प्लमच्या दारूचा पेला त्याच्यासमोर ठेवला. रोमेडने पेला बघितला, हुंगला. "विष नाही ना?"

"पिऊन बघ."

तो प्यायला. मग आफ्राला घेऊन तिघं दुकानात गेली. रोमेडने स्क्रू-ड्रायव्हर आफ्राच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. "फिरव. थांब म्हणेन तिथे थांब." तिने फिरवलं. यंत्रावर तपासलं. बरोबर होतं.

आम्ही पुन्हा वर जाऊ लागलो. पण खरं सांगते, सगळं पहिल्यासारखं झालं नाही. बुर्गी निघण्याआधी रोज वाकून खटक्याची खूण बघायची. रोज. आणि आफ्रा दारात उभी राहून तिला बघताना बघायची. त्या दोन नजरांच्या मध्ये मी असायचे, आणि माझ्यावर साचलेल्या बर्फापेक्षा ते ओझं जड होतं. बुर्गी संध्याकाळी आता बेकरीच्या खिडकीवर बाहेरून टकटक करते, आले म्हणून. आफ्रा मान वर न करता पावांना आकार देत राहते. पण तिचे हात जरा सावकाश होतात, ते मी खांद्यावरून पाहते.

आता मी जुनी झाले. धारा इतक्यांदा घासल्या की पोलाद थोडंच उरलंय. पत्रा एके ठिकाणी सुटू लागलाय आणि ती पूर्वीची उसळी माझ्यात नाही. रोमेडने सांगितलंय, आणखी एखादा हिवाळा. बुर्गी म्हणते, हा माणूस नवी विकायला बघतोय.

गेल्या आठवड्यात ताजा बर्फ पडला. बुर्गीने मला दाराबाहेर ठेवलं आणि न वाकता, खटक्याची खूण न बघता, सरळ बूट आत रोवला. खट्ट. आफ्रा दारातच होती. तिने ओठ आवळून धरले.

बुर्गीने विश्वास ठेवला, की फक्त विसरली? दिवसभर मी हाच विचार करत होते. तिला विचारता येत नाही, आणि आफ्राही विचारणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागते, तुमच्या घरात कुणी कुणाच्या काळजीपोटी गुपचूप एखादा स्क्रू फिरवत असेल, तर आधी तोंडाने बोला. आम्हा वस्तूंना सगळं दिसतं, पण हाक मारता येत नाही.