तपकिरी लोकर

हिसाएने पत्र टेबलावर ठेवले, आणि दिग्दर्शकाने बोलता बोलता त्याच्यावरच कॉफीचा पेला ठेवला.

ते पत्र आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आत्ताच त्याने ते दोनदा वाचले होते, भुवया जवळ आणून, ओठ मिटून, आणि दोन्ही हातांनी अदबीने परत केले होते. हिसाएने घडी उलगडून ते पुन्हा त्याच्यापुढे ठेवले, एवढाच काय तो तिचा उद्धटपणा.

"मुरोता-सान, मला कळतंय हो," कुसाकाबे म्हणाला. चाळिशीचा, मऊ आवाजाचा माणूस. युनिटमधल्या चहावाल्यालाही तो वाकून नमस्कार करी. "खरंच कळतंय. पण विणकाम काढलं तर या सीझनमध्ये उरतं काय?"

"मुलगी उरते."

"तशा मुली पहिल्या सीझनमध्ये सहा होत्या. लोकांना एकीचंही नाव आठवत नाही. ही लक्षात राहणार ती त्या लोकरीमुळे. कॅमेरा बंद झाला की अंगावर झगा ओढून ही बाई स्टुलावर बसते आणि विणते. आजूबाजूला एक अख्खा धंदा जन्माला येतोय आणि ही विणतेय! स्वतःचं स्वातंत्र्य विणतेय, असं आम्ही भित्तिपत्रावर उगाच नाही लिहिलं."

"ती वडिलांसाठी बंडी विणत होती," हिसाए म्हणाली. "त्यांना दम्याचा त्रास होता."

कुसाकाबेने खिशातून वही काढली आणि तेही टिपून घेतले.

हिसाएने हात टेबलाखाली नेले. असेच त्याने सगळे टिपून घेतले होते, पहिल्या सीझनच्याही आधी, दोन वसंतांपूर्वी. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या कामाबद्दल, नग्न व्हिडिओंच्या युनिटमधल्या मेकअपबद्दल, तिला कुणी काही विचारले नव्हते. आई वारली तेव्हाही तिचा समज असा होता, की लेक सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत आहे. आणि अचानक एके दिवशी कुसाकाबे आणि त्याचे तिघे सुशिक्षित तरुण सहकारी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून विचारत होते, तेव्हा पावडर कुठली वापरायचात, दिव्यांच्या उष्णतेने ती ओघळायची का, घाम कशाने टिपायचात. तिला 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणत होते. भातावर भाजलेली ईल मासळी ठेवलेला लाखेचा डबा त्यांनी तिच्यापुढे सरकवला. ती बोलत गेली. चार तास बोलली. भाड्याने घेतलेला तो फ्लॅट, त्यातला आकाशी टब, आवाज रेकॉर्ड होतो म्हणून बंद ठेवलेला हीटर. आणि शेवटी, डब्याचे झाकण लावता लावता, कौतुक संपू नये म्हणून आणखी काहीतरी द्यावे तसे ती म्हणाली होती, एक मुलगी होती, विणायची, लोकर करंगळीला दोन वेढे देऊन.

त्यांनी तिला मालिकेच्या मेकअपला ठेवले, आणि बंडीही तिनेच विणून दिली. कपडेपटाने आणलेली फार नीटनेटकी होती.

"आमच्या वकिलांनी सगळं तपासलंय," कुसाकाबे म्हणत होता. "नाव वेगळं, गाव वेगळं, चेहऱ्यात साम्य नाही. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. आणि भित्तिपत्रं तर लागलीच आहेत."

"भित्तिपत्र महिन्याभरात उतरतं. मालिका उतरत नाही."

तो हसला. दुखावलेल्या माणसाने समजूतदारपणे हसावे तसा.

"मुरोता-सान, ही मालिका त्या बायकांच्या बाजूची आहे. त्यांची लाज पुसायला आलोय आपण. तुम्ही आणि मी, दोघंही."

त्याने पेला उचलला. कागदावर तपकिरी वर्तुळ उमटले होते, बरोबर 'अकरा जणी' या शब्दांवर.

तामाएचे, म्हणजे त्या विणणाऱ्या मुलीचे, पत्र लहानच होते. थंडी वाढली आहे, तब्येत जपा, असे सुरुवातीला. मग लिहिले होते: 'स्टेशनावर भित्तिपत्र पाहिले. ते दोन वेढे त्या खोलीत तुमच्याखेरीज कुणी निरखून पाहिले असतील असे वाटत नाही. इथे दर गुरुवारी गावच्या सभागृहात अकरा जणी माझ्याकडे विणकाम शिकायला येतात. त्यांच्याही करंगळीला दोन वेढे असतात, मीच शिकवलेले. परवा त्यांतली एक म्हणाली, सेन्सेई, ती चित्रातली मुलगी आपल्याच वर्गातली दिसते. सगळ्या हसल्या. मीही हसले. बाकी जे दाखवायचे ते दाखवू द्या, ते आता माझे राहिलेले नाही. तेवढे विणकाम काढायला सांगा.'

एकही दोषाचा शब्द नव्हता. तो असता तर हिसाएला बरे वाटले असते.

"आणि आज तुमच्यासाठी एक छोटीशी भेट आहे," कुसाकाबे उठत म्हणाला. "शॉटच्या आधीचा तो शब्द आज तुम्ही म्हणायचा. सगळ्या युनिटची इच्छा आहे. तुमचा शब्द, तुमच्या तोंडून."

तो शब्द म्हणजे 'तयार'. त्या काळी चार-पाच माणसांच्या युनिटमध्ये तो मेकअप करणारीनेच म्हणायचा असे. तिने पावडरचा शेवटचा हात फिरवायचा, मागे सरकायचे, म्हणायचे 'तयार', आणि मग कॅमेरा सुरू. पहिल्या सीझनमध्ये हिसाएवरून बेतलेली एक गोबऱ्या गालांची नटी तो शब्द असा काही लाडिक सुरात म्हणाली, की तो लोकांच्या तोंडी बसला. पोरेपोरी परीक्षेला जाताना, डोंगर चढताना, जेवायला बसताना फोटो काढतात आणि खाली लिहितात: तयारऽ!

हिसाएने पत्राची घडी घातली, ते मेकअपच्या पेटीत ठेवले आणि पेटी उचलून ती स्टुडिओत गेली.

फ्लॅट हुबेहूब उभा केला होता. भिंतीवरचा कागद तोच, छताच्या कोपऱ्यातला ओलाव्याचा डागही तिने सांगितला होता तिथेच. फक्त चौथी भिंत नव्हती, आणि तिच्या जागी पन्नासेक माणसे उभी होती. तीन हीटर लालभडक पेटले होते. स्टुलावर नागी बसली होती. तेवीस वर्षांची, या सीझनची नायिका. तिच्या शेजारी एक बाई हातात कागद घेऊन उकिडवी बसून विचारत होती: खांदा दिसला तर चालेल ना? किती? इथपर्यंत? मध्येच नको वाटलं तर हात वर करायचा, लगेच थांबवू, कुणी कारण विचारणार नाही. नागी मान हलवत होती. त्या बाईचे काम दिवसभर एवढेच, विचारणे.

हिसाए ते पाहत राहिली.  जी मुलगी तामाए होण्याचे नुसते सोंग आणणार, तिला विचारायला एक पगारी माणूस. आणि जी तामाए होती, तिने एक गोष्ट मागितली तर तिच्या पत्रावर कॉफीचा पेला.

"आलात, मुरोता-सान!" नागी खुलली. "बघा ना, आता न बघता जमतं मला." तिच्या मांडीवर तपकिरी बंडी होती, अर्धी झालेली, सुयांवर. लोकर डाव्या करंगळीला दोन वेढे देऊन ताठ. "काल आईला दाखवलं. ती म्हणते, एवढी मेहनत शाळेत घेतली असतीस तर डॉक्टर झाली असतीस."

"वर बघ," हिसाए म्हणाली.

ती खाली बसली, पेटी उघडली आणि पफ हातावर आपटून जादा पावडर झाडली. नागीने डोळे छताकडे लावले.

"राग आलाय तुम्हाला," नागी ओठ न हलवता म्हणाली. "पफ लागतोय."

हिसाएने हात हलका केला.

"एक विचारू? ती लोकर गुंडाळायला तुम्हाला हात धरायला लावायची, असं त्या दिवशी सांगत होतात. बोलायची काय तेव्हा?"

"फारसं नाही."

"तरीपण?"

हिसाएने पफ नागीच्या कपाळावर नेला. त्या दिवशी, त्या फ्लॅटमध्ये, शॉट सुरू व्हायचा होता. हीटर बंद होता, तामाएच्या दंडावर काटा उभा होता आणि काटा कॅमेऱ्यात दिसतो म्हणून हिसाए तो तळहाताने चोळून घालवत होती. आपण दयाळूपणे वागतो आहोत असे तिला वाटत होते. दाराबाहेर घराची मालकीण ताटकळत होती. फ्लॅट पाचला रिकामा करायचा होता. तामाएने विणकाम खाली ठेवले, हिसाएची बाही चिमटीत धरली आणि पुटपुटली, अजून तयार नाही म्हणा ना. पाचच मिनिटं. तेवढं म्हणा.

सव्वीस वर्षांच्या हिसाएने बाही सोडवून घेतली होती. जोराने नव्हे. पावडर लागली असेल म्हणून ती झटकलीही होती.

हे तिने त्या चौघांना सांगितले नव्हते. ईल मासळीच्या डब्यासमोर चार तास बसून तिने टब सांगितला, भिंतीवरचा कागद सांगितला, तामाएचे दोन वेढे सांगितले. स्वतःचा एक शब्द तेवढा बाजूला ठेवला.

"ती म्हणाली होती, अजून तयार नाही म्हणा," हिसाए म्हणाली. "पाच मिनिटं मागितली होती."

नागीची नजर छतावरून खाली आली. "मग?"

"मग काय? मी म्हटलं, तयार."

 सुया नागीच्या हातात थांबल्या.

"शांतता!" साहाय्यक ओरडला. पन्नास माणसे एकदम गप्प झाली. कुणीतरी हीटर विझवले; आवाज रेकॉर्ड होतो. मॉनिटरमागून कुसाकाबेने मान बाहेर काढली आणि हिसाएकडे पाहून दोन्ही हात जोडल्यासारखे केले. गोबऱ्या गालांची नटीही खास आली होती, मोबाइल उंच धरून.

"मुरोता-सान," साहाय्यक लाडात येऊन म्हणाला, "होऊन जाऊ द्या!"

हिसाएने पफ नागीच्या गालावर फिरवला. मग त्याच गालावर पुन्हा.

"अजून नाही," ती म्हणाली.

कुठेतरी खसखस पिकली. त्यांना तो विनोद वाटला. नटी म्हणाली, "अय्या, काय टायमिंग आहे हो काकूंचं!"

हिसाएने पफ पेटीत ठेवला. नागीचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीवरचे वेढे उतरवले, एक, मग दुसरा. बंडी तिच्या मांडीवरून उचलली. साडेतीन आठवडे लागले होते ती विणायला. डोळ्यांतून पाणी यायचे, अंगठा सुजायचा, आणि प्रत्येक ओळीला तिला वाटायचे, किती हुबेहूब होते आहे. तिने उजवी सुई टाक्यांतून सरळ ओढून काढली.

"मुरोता-सान?" कुसाकाबेचा आवाज अजून मऊच होता. "कंटिन्युइटी... पुढच्या शॉटलाही हीच लागणार. अहो, ती एकच आहे आपल्याकडे."

"माहीत आहे. मीच विणलीय."

टाके सुटे झाले. तिने धाग्याचे टोक धरून ओढले. एक ओळ उसवली, मग दुसरी, कुरळी लोकर तिच्या गुडघ्यांवर, जमिनीवर साचत गेली. स्टुडिओत एवढी शांतता होती, की धागा टाक्यातून निसटल्याचा बारीक आवाज मायक्रोफोनने टिपला असणार.

"किती वेळ लागेल हो?" साहाय्यकाने विचारले. त्याच्या आवाजातला लाड आता गेला होता.

"पाच मिनिटं," हिसाए म्हणाली. मान वर न करता.

कागदवाली बाई अर्धवट उठली आणि काय करावे न कळून पुन्हा बसली. कुसाकाबे मॉनिटरमागून निघाला. केबली ओलांडत, माणसांना बाजूला करत तो येत होता, त्याच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. हिसाएच्या हातातला धागा गुंतला. तिने तो सोडवायला घेतला. गाठ आणखीच आवळली.

समोरून दोन हात पुढे आले. नागीने झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. हीटर विझल्याने तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता. एक हात वर करून थांबवता आले असते तिला, कुणी कारण विचारले नसते. तिने दोन्ही हात समोर धरले, तळवे एकमेकांकडे, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

हिसाएने गाठ तशीच राहू दिली, आणि लोकर त्या हातांवर गुंडाळायला सुरुवात केली.