तळाच्या पायरीवरची ओळ

विहिरीने तळ गाठला की सगळ्यात खालच्या पायरीवर एक ओळ कोरायची, पुढच्या दुष्काळात उतरणाऱ्यांसाठी, ही आमच्या गावची जुनी रीत. एरवी ती पायरी पाण्याखालीच असते. मागची ओळ कारभाऱ्यांच्या वडिलांनी कोरून घेतलेली: ‘पाण्यावाचून इथे कोणी गेलं नाही. धीर धरा.’

धरला की आम्ही धीर! शेजारची गावं गुरंढोरं घेऊन वेळेवर निघाली, तेव्हा आम्ही शहाणे त्यांना हसलो. आता हसायलाही घसा ओला उरला नव्हता.

पाथरवट छिन्नी-हातोडी घेऊन खाली बसला होता. शेजारी त्याची सून. तिची चार महिन्यांची पोर आठवड्यापूर्वी गेली. आईचंच दूध आटलं, लेकरू काय करणार?

“तीच ओळ पुन्हा घाल,” कारभारी वरच्या पायरीवरून म्हणाले. “पुढच्यांनी आपलं रडगाणं कशाला वाचायचं?”

“मग काय वाचायचं? थापा?” पाथरवट म्हणाला.

“जीभ सांभाळ! माझ्या बापाला खोटं पाडतोस?”

“मामंजी, थांबा, मी बोलते,” सून म्हणाली. “काका, तळ उघडा पडला तेव्हा माझा भाऊ गाडी घेऊन मला न्यायला आला होता. मीच त्याला इथे आणून ही ओळ दाखवली. म्हटलं, जा तू, आमच्याकडे कोणी मरत नाही.”

आम्ही सगळे खाली माना घालून उभे. त्या पोरीकडे बघवत नव्हतं.

पाथरवटाने कोरायला घेतलं: ‘आम्ही थांबलो. लेकरू गेलं. तुम्ही थांबू नका, निघा.’ कारभाऱ्यांनी अडवलं नाही. ते भिंतीला धरत धरत खाली आले आणि धपकन बसले.

“एक नको, दोन लेकरं लिही,” ते म्हणाले. “मागच्या दुष्काळात मी पोटात होतो. माझ्या आधीची एक मुलगी त्यात गेली. शेवटच्या दुखण्यात आई बोलून गेली. बाप समोरच बसला होता, गप्प.”

हातोडी थांबली. सून त्यांच्याजवळ सरकली.

“काय नाव होतं हो तिचं?”

कारभाऱ्यांनी बापाच्या ओळीवरून बोट फिरवलं.

“मी कधी विचारलंच नाही, पोरी.”