आधी झाकण उघडून बघा

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. उभा नव्हे, आडवा. पेटीसारखं वर झाकण असलेला. मिनेसोटातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारी माझी जागा आहे. अंगाने मी अजून धडधाकट आहे, पण डोकं पार उठलंय. ते कुणी उठवलं, हे आज सांगितल्याशिवाय मी राहणार नाही.

कारखान्यात माझा पत्रा वाकवला, मोटर बसवली आणि मला दुकानात धाडलं. तिथून मार्लिसच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात भेट म्हणून दिलं. नवऱ्याचं नाव ड्वेन. ते दिवस काय सांगू! थंडीच्या तोंडावर हरणाचं मांस यायचं, तळ्यातले मासे यायचे, बागेतला मका यायचा. कुठे काय ठेवलंय ते मार्लिसला डोळे मिटून सापडायचं. "हा आहे म्हणून आमचा हिवाळा निघतो," असं ती पाहुण्यांना सांगायची. ते ऐकून माझी मोटर खुशीत घुरघुरायची.

मग गावाबाहेर गोदामाएवढं एक दुकान उघडलं आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली. तिथे कार्ड दाखवूनच आत सोडतात आणि सुटं काही मिळत नाही. सगळं खोक्याने घ्यायचं. ड्वेनराव तेव्हाच शाळेची बस चालवायच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. दर शनिवारी स्वारी तिकडे!

बरं, तिथे डोक्याला जाळी लावलेल्या बाया उभ्या असतात. कागदी वाटीतून घासभर चव देतात, फुकट. लोक खातात आणि पुढे जातात. आमच्या ड्वेनला मेल्याला ते जमत नाही!

"हे काय आणलंस?" मार्लिस गॅरेजच्या दारातून विचारायची.

"पालकाचे गोळे. अगं, पौंडाला किती स्वस्त पडतात बघ तरी!"

"तुला पालक आवडत नाही. मला आवडत नाही. खाणार कोण?"

"त्या बाईने इतक्या प्रेमाने वाटी पुढे केली. खाऊन तसंच निघून यायचं? बरं दिसतं का ते?"

"मग तिलाच घरी घेऊन यायचं होतंस. तिने तरी खाल्ले असते."

असे माझ्या पोटात पालकाचे गोळे आले, वाटाण्याची पोती आली, कुणी न मागितलेल्या वॅफलच्या चळती आल्या. माझं झाकण बसेना, तर हा बहाद्दर वर बसून दाबायचा. स्वस्त, स्वस्त! अरे, जे खायचंच नाही ते स्वस्त कसलं? पण माझं ऐकतो कोण?

यंदाच्या जानेवारीत मात्र कहर झाला. मार्लिसच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आणि लेकीचं, ब्रिटाचं, बाळंतपणही त्याच सुमारास आलं. ब्रिटा शेजारच्या गावात राहते. नवरा ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर असतो.

"बाळंतिणीला आईने जेवू घालायचं असतं," मार्लिस म्हणाली. "मी तर तेव्हा काठीशिवाय उभीसुद्धा राहू शकणार नाही. निदान माझ्या हातचं तरी तिच्या ताटात पडू दे."

मग दुखरा पाय ओढत तिने हॉटडिश करायला घेतली. खिमा, फरसबी, घट्ट सूप आणि वर बटाट्याच्या बारीक गोळ्या, सगळं एका ट्रेमध्ये भाजायचं. एकेक ट्रे ती माझ्यात रचत गेली. जागा कमी पडली तेव्हा तिने वाटाण्याची दोन पोती चर्चला दिली. मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या पोटात खरं अन्न आलं होतं. मी जीव तोडून गार राहिलो.

मार्लिस इस्पितळात गेली. तिसऱ्या दिवशी शनिवार होता.

त्या शनिवारी वाटीत कोळंबी होती.

ड्वेन खोकीच्या खोकी घेऊन आला. झाकण उघडून डोकं खाजवलं. मग त्याने मार्लिसचे ट्रे उचलून मागच्या काचेच्या पडवीत नेऊन ठेवले. "बाहेर उणे वीस आहे," असं माझ्याकडे बघून म्हणाला. "देवाचा फ्रीझर. विजेचं बिलसुद्धा नाही!" इथे थंडीत सगळेच पडवीत ठेवतात, म्हणून त्यालाही ते शहाणपणाचं वाटलं. तळाशी डाव्या कोपऱ्यात एक ट्रे राहिला होता. त्यावर त्याने कोळंबी रचली. मी मोटर घरघरवून घरघरवून सांगितलं, ते ट्रे आत घे, तुझी कोळंबी ठेव तिकडे! त्याने मला लाथ मारली आणि म्हणाला, "म्हातारा झालास."

दोन दिवसांनी वारा फिरला. वळचणीचे बर्फाचे सुळे टपटप गळू लागले. काचेच्या पडवीत दिवसभर ऊन! ड्वेन दिवसभर इस्पितळात बायकोजवळ बसलेला. पडवी त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हती.

मार्लिस वॉकरवर टेकत घरी आली. ब्रिटाला आदल्याच दिवशी मुलगी झाली होती.

"ट्रे गाडीत ठेव आणि निघ," ती म्हणाली. "लेक उपाशी असेल."

ड्वेन पडवीत गेला. दार उघडल्याबरोबर आंबूस वास गॅरेजपर्यंत आला. तो परत आला तेव्हा तोंड काळं ठिक्कर पडलं होतं.

"मार्ली, गेले सगळे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि रडू लागली.

"त्या पायावर उभी राहून केलं होतं रे मी, ड्वेन."

 ड्वेन टोपी काढून हातात चुरगाळत राहिला. मग तिने डोळे पुसले.

"सगळ्यात पहिला ट्रे तळाला होता. डाव्या कोपऱ्यात. तोही काढलास?"

ड्वेन धावतच माझ्याकडे आला. कोळंबी, गोळे, वॅफल, सगळं भराभर जमिनीवर भिरकावलं. कमरेपर्यंत माझ्यात वाकला. अखेर ट्रे हाती लागला तेव्हा तो छातीशी धरून तसाच थंडगार फरशीवर बसला.

"दगडासारखा आहे, मार्ली! चांगला आहे!"

"एक दिवसाचं भागलं," घरातून मार्लिसचा आवाज आला. "उद्याचं काय?"

तो ट्रे लेकीला पोचवून ड्वेन परतला आणि त्याने एप्रन बांधला. या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. मार्लिस खुर्चीत बसून सांगत होती, "बारीक म्हणजे बारीक चिर! तो कांदा आहे, सरपण नाही!" पहिला ट्रे करपला. दुसरा लेकीकडे गेला. कोळंबी त्याने शेजाऱ्यांना वाटली. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रिटाचा फोन आला. ड्वेन गॅरेजमध्येच होता.

"बाबा, आजचा कुणी केला?"

"का गं? वाईट झालाय?"

"इतका काही वाईट नाही."

आमच्याकडे याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. ड्वेनने बाहीने नाक पुसलं आणि थंडीला शिव्या घातल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला लाथ मारू नका, आणि बाजारात निघण्याआधी त्याचं झाकण एकदा उघडून बघा. कुणाचे कष्ट कुठल्या कोपऱ्यात ठेवलेत, हे आम्हाला ठाऊक असतं, पण बोलता येत नाही हो!

परवा पुन्हा शनिवार आला. ड्वेन गाडीची किल्ली घेऊन निघाला आणि माझ्यापाशी थांबला. झाकण उघडलं. डावा कोपरा रिकामा होता. तिथे त्याने तळहात टेकवला. मग त्याने झाकण हळूच लावलं, किल्ली खुंटीला अडकवली आणि कांदा चिरायला आत गेला.