घड्याळाला घंटा लावली
कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. मी आकाराम सुतार. उभा जन्म बैलगाडीची चाकं करण्यात गेला. चाक हुईस्तोवर गाडीवाला दिवसभर माझ्या पडवीत बसायचा, तंबाखू मळायचा, घरची गाऱ्हाणी सांगायचा, माझाच चहा प्यायचा. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. हवा भरली की चालली गाडी! सुतार कशाला लागतोय? त्याच साली माझी बायको वारली. पोरगा सांगलीला कामाला, दिवाळीला येतो, जेवतो अन् जातो. पडवीत कुत्रंसुदीक बसंना.

एकटा माणूस भिंतीसंगं बोलाय लागतो, खोटं न्हाई. मला वाटलं, आपल्या आळीत घड्याळ कुणाकडंच न्हाई. एसटी गाठायची म्हणलं की समदी उन्हाकडं बघून पळत्यात. आपण घड्याळ केलं तर टाइम बघायला तरी माणूस घरात ईल.

एकदा शाळेतल्या गुरुजींच्या घड्याळाची पेटी सांधायला आली व्हती, तवा आतली चाकं डोळं भरून बघितली व्हती. तेवढ्यावर करायला बसलो. बाभळीच्या फळीतनं पहिलं चाक कोरलं. ते फिरवायला दोरीला धोंडा अडकवला तशी दोन बाजूंचं दात कडाकडा मोडलं. असला राग आला! चुलीतच घातलं. मग ध्यानात आलं, एका फळीत दोन बाजूंच्या दातांना लाकडाच्या धाग्याची रेघ आडवी येती, ते मोडणारच. गाडीचं चाक कवा एका फळीचं करतो का, गाढवा? मग शिसवाचं तुकडं गोलात जोडलं, हरेक दाताला उभी रेघ दिली. पावसाळाभर चाकं फुगली, मी तासली, परत फुगली. थंडीत एकदाचा लंबक हलला त्यो थांबलाच न्हाई. मी एकटाच नाचलो, दावतो कुणाला?

पण माणसं आली गड्या! पंचायतीच्या रेडिओवर बातम्या लागल्या की मी काटा जुळवायचो. सिद्धू धनगर तर नुसती चाकं बघत बसायचा. समोरच्या दगडाबाई रोज सकाळी यायच्या. त्यांचाबी नवरा गेलेला, सून तोंडाळ. वेळ बघायच्या अन् जरा टेकायच्या, मी चहा टाकायचो. त्या चहासाठी मी सकाळी उठायचो, हे आता कशाला लपवू?

एक दिवस त्या म्हणाल्या, "आण्णा, ह्या पायऱ्या चढून गुडघं लय दुखत्यात बघा. ह्याला घंटा लावा की. घरात बसून कळंल."

बाईनं कधी न्हवं ते कायतरी मागितलं. मी खुळ्यागत राबलो. जितकं वाजलं तितकं टोल देणारं खाचांचं वेगळं चाक केलं, बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली, तिच्यावर आपटायला हातोडी बसवली. साऱ्या आळीला ऐकू जायला लागली. समद्यांनी शाबासकी दिली, रस्त्यावरनंच. मग घरात कोण येतंय? दगडाबाई न्हाईत, सिद्धू न्हाई. चहाचं आधण आटून जायचं अन् मी दाराकडं बघत बसायचो.

शेवटी डोकं फिरलं माझं. टोलाची हातोडी उपसून काढली अन् मांडीवर घेऊन बसलो.

जरा वेळानं समोरनं दगडाबाईंचा आवाज आला, "आवं आण्णा, घंटा का वाजंना?"

"मोडली."

"मग किती वाजलं तेवढं सांगा की!"

घड्याळ माझ्या नाकासमोर व्हतं. "मला हितनं दिसत न्हाई," मी म्हणालो. "तुमीच येऊन बघा."

कण्हत कण्हत आल्या. घड्याळाकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या हातोडीकडं. मला वाटलं, आता ह्या चिडणार.

"आण्णा, माणूस पायजे व्हतं तर एक हाक मारायची न्हाई का? एवढं लाकूड कशाला कोरत बसला?"

साठी उलटली, पण 'या, बसा, मला करमंना' एवढं कधी कुणाला म्हणता आलं न्हाई. बायकोलाबी न्हाई.

"लावा ती परत," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या. बसल्या न्हाईत.

मी हातोडी लावली. चुलीवर दोघांपुरतं आधण ठेवलं अन् उंबऱ्यात जाऊन उभा ऱ्हायलो. समोर त्यांची सून भांडी घासत व्हती, ती वर बघाय लागली.

"दगडाबाई," म्हणालो, "चहा टाकलाय."

आवाज माझा मलाच ऐकू आला न्हाई. मग छातीत वारं भरून घेतलं अन् परत हाक मारली.